तोरणाखालचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यात कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कर्जावर बोलून झाले, कापसाच्या भावावर बोलून झाले, विजेच्या बिलावरून भांडूनही झाले. आता आमच्या वाट्याला जो विषय आला आहे तो माईकवरून सांगितला, तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी तंबाखू मळायला घेतली. इथून सगळे दिसते. विषय आहे पोळ्याची झडती. गाण्याबिण्याचा विषय मेळाव्यात कशाला, असे त्यांना वाटले असेल. तंबाखू मळा, पण ऐका. हा विषयही भावाचाच आहे, फक्त तो आपल्या बापजाद्यांनी यमकात बसवला होता.

आम्ही शेतकीची पदवी घेतली. तिथे चार वर्षांत जमीन शिकलो, खते शिकलो, किडी शिकलो, बैलाच्या ओढण्याच्या ताकदीचे गणितसुद्धा शिकलो. पोळा मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हता. आणि कोरडवाहू शेतीचा पंचांगातला सगळ्यात मोठा दिवस तोच. म्हणून आधी त्या दिवसाचा शेतकी हिशेब मांडू, मग गाण्याकडे जाऊ.

पोळा येतो श्रावण अमावास्येला. इंग्रजी तारखेने ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत केव्हातरी. त्या वेळी आपल्या वावरात काय असते? कपाशी पात्याफुलावर असते. जवारी पोटरीत असते. पीक इतके दाटलेले असते की दोन ओळींतून डवरा चालत नाही. डवरणीचे फेर संपले आणि रब्बीची वखरणी अजून दूर आहे, अशा मधल्या दिवसांत बैलाला प्रथमच उसंत मिळते. सण त्या उसंतीत बसवलेला आहे. ज्याने कोणी तो बसवला त्याला शेती कळत होती.

पण तोच दिवस धन्याच्या खिशाच्या दृष्टीने पाहा. मागच्या सालचा कापूस विकून संपलेला. नवा कापूस दसऱ्या-दिवाळीशिवाय घरात येत नाही. बियाणे, खत, निंदण, फवारणी, सगळा खर्च होऊन बसलेला. हाती आलाच तर मुगा-उडदाचा थोडा पैसा, तोही पावसाने शेंगा नासवल्या नाहीत तर. म्हणजे सालभरात शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज सगळ्यात उंच चढलेले असते, नेमका तेव्हा पोळा येतो. बैलाला नवी वेसण हवी, शिंगांना हिंगूळ आणि बेगड हवी, घुंगुरमाळ हवी, घरात पुरणाला डाळ-गूळ हवा, आणि हे सगळे दुकानातून उधारीवर आणायचे. दुकानदार वहीत लिहितो आणि वही मिटता मिटता मागची बाकी वाचून दाखवतो.

ही बाकी मनात ठेवून माणूस संध्याकाळी बैल घेऊन तोरणाखाली जातो. तिथे त्याला बोलायची मुभा असते. झडती समजायची असेल तर एवढी पार्श्वभूमी पुरे.

झडती म्हणजे काय हे या सभेत सांगायची गरज नाही. पण हे पत्रक पश्चिम महाराष्ट्रातल्या काही मित्रांकडेही जाते, त्यांच्यासाठी दोन ओळी. आमच्या वऱ्हाड-नागपूर भागात आदल्या दिवशी खांदमळण होते. जुवाने घट्टे पडलेला बैलाचा खांदा हळद-तुपाने मळतात, पळसाच्या पानाने शेकतात आणि उद्याच्या जेवणाचे आवतण बैलाला देतात. पोळ्याच्या दिवशी गावाच्या मोकळ्या जागेत आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात आणि गावातल्या सगळ्या जोड्या त्याखाली ओळीने उभ्या राहतात. डफडे वाजते. मग एकजण पुढे होऊन हात वर करतो, डफडे थांबते, आणि तो चार-सहा ओळी खणखणीत आवाजात म्हणतो. शेवटी गौरा-पार्वतीला नमन आणि महादेवाचा गजर, सगळे गाव त्यात आवाज मिळवते. त्याचे संपले की ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी उत्तर देतो. असा झगडा तास-दोन तास चालतो. मग मानाचा माणूस तोरण तोडतो, पोळा फुटतो, आणि गडी बैल घेऊन घरोघर बोजारा मागायला जातात.

आता या चार-सहा ओळींत काय असते? काही रामायण-महाभारतातले असते. काही निव्वळ चावट असते, ते आम्ही इथे मायबहिणींसमोर सांगत नाही, त्यांना माहीत आहेच. पण गावोगाव जे लोकांच्या ध्यानात राहते ते या दोन्हींतले नसते. ध्यानात राहते ती त्या सालाची झडती. पाऊस किती दिवस दडला, सोसायटीने कर्ज कोणाला दिले आणि कोणाला वाटेला लावले, कापूस कोणत्या भावाने गेला, सालदाराला ठरलेले धान्य मापात किती मिळाले, पाटलाच्या वावरातली विहीर कोणाच्या कागदावर खोदली गेली. ज्याचे नाव घेतले तो तिथेच उभा असतो. त्याला राग येतो, पण त्याला रागावता येत नाही, कारण शेवटी महादेवाचा गजर आहे आणि त्यात त्यालाही तोंड उघडावे लागते. ग्रामसभा कायद्याने आली. आमच्या गावात त्याआधीपासून एक सभा भरत होती, वर्षातून एकदा, आणि तिला कोरम बैलांचा लागत होता.

आणखी एक गोष्ट. तोरणाखाली बैलाची कासरा धरून जो उभा असतो तो नेहमी धनीच असतो असे नाही. पुष्कळदा सालदार असतो. बैलावर सालभर हात त्याचा फिरलेला, म्हणून बैलासोबत तो. त्यामुळे जो माणूस एरवी धन्याच्या ओट्यावर बसतसुद्धा नाही त्याला त्या दिवशी सगळ्या गावापुढे हात वर करून बोलता येत होते. सगळ्या गावात असेच होते असे आम्ही म्हणणार नाही. मानापानावरून पोळ्यात डोकी फुटलेली गावेही आम्हाला माहीत आहेत. तरी जिथे ही मुभा होती, तिथल्या झडत्यांना धार होती.

आता एका झडतीची गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण ती झडती आपलीच असे सांगणारी निदान पाच गावे आहेत आणि आम्हाला पाचही गावांत जावे लागते. आमच्यातले जुने कार्यकर्ते सांगतात की ती एका सालदाराने रचली. मतलब असा होता: सरकी घाण्यात गेली, रुई मिलात गेली, पऱ्हाटी चुलीत गेली आणि धनी बिलात गेला. मूळ वऱ्हाडीत ती यमकाने आणखी जोरकस लागते, ‘बिलात’ या शब्दाशी आवाज टाकून थांबायचे. बिल म्हणजे दुकानाचे, आणि बीळ म्हणजे उंदराचे. बोलीत दोन्ही एकच.

शेतकीच्या माणसाने या झडतीपुढे टोपी काढावी असे आम्हाला वाटते. एक क्विंटल कापूस जिनात घातला तर साधारण ३४ किलो रुई निघते, साधारण ६४ किलो सरकी निघते, उरलेली घट. भाव ठरवताना आपल्याला रुईचे सांगतात. पण वजनाने दोनतृतीयांश माल सरकी आहे. तिचे तेल निघते, आणि तेल काढल्यावर उरते ती ढेप. ती ढेप आपण बाजारातून पोत्याने विकत आणतो आणि त्याच बैलापुढे ठेवतो ज्याने ते वावर वखरले होते. म्हणजे आपलाच माल आपल्याच गोठ्यात परत येतो, मधल्या प्रत्येक ठिकाणी कोणाचे तरी काही कापून. शेतकऱ्याकडे फुकट राहते ती एकटी पऱ्हाटी, चुलीपुरती. हा सगळा व्यवहार त्या सालदाराने एका दमात सांगितला. आम्हाला तो समजावायला फळा लागतो आणि तासभर लागतो, आणि मागचे लोक तंबाखू मळतात.

ती झडती गावात राहिली नाही. राहणार कशी? त्या गावचा जावई पोळ्याला आला असेल, तो घेऊन गेला. वेचणीला बायामाणसांच्या टोळ्या दुसऱ्या तालुक्यात गेल्या. बंड्या भरून कापूस जिनावर गेला, तिथे रात्र काढायची तर वेळ घालवायला काहीतरी म्हणायचे. गुरांच्या बाजारात दहा गावची माणसे एका झाडाखाली बसतात. पत्ता नाही, टपाल नाही, पण पुढच्या पोळ्याला ती झडती तीन गावांत असते आणि त्याच्या पुढच्या पोळ्याला तालुक्यात. फक्त रचणाराचे नाव पहिल्या वेशीपाशीच गळून पडते.

आणि जाताना ती बदलत गेली. राज्यात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि सुमारे तीस वर्षे चालली. आपला कापूस दुसऱ्या कोणाला विकायचा नाही असा कायदा. खरेदी केंद्रापुढे बंड्यांच्या रांगा लागायच्या, बैल सोडून बंडीखाली दिवस काढायचे, आत गेल्यावर ग्रेडर बोंड हातात घेऊन प्रत ठरवणार, आणि पैसे एकदम नव्हे, टप्प्याटप्प्याने. आम्ही शाळेत असताना जी झडती ऐकली तिच्यात धनी बिलात गेलेला नव्हता, लायनीत गेला होता. ‘मिलात’ला ‘लायनीत’ काही जुळत नाही. पण रांगेत तीन रात्री काढलेल्या माणसाला जुळण्याशी काय कर्तव्य?

नंतर एकाधिकार गेला. २००२ साली बीटी कापसाला मंजुरी मिळाली आणि काही वर्षांत सगळे वावर त्याच बियाण्याचे झाले. हिरव्या बोंडअळीचा त्रास कमी झाला, उत्पन्नही वाढले, ते नाकारण्यात अर्थ नाही. मग गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला सरावली. २०१७ साली तिने विदर्भात बोंडे पोखरली. आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले. कपाशी माणसापेक्षा उंच झालेली, वाऱ्याने औषध अंगावर येणारे, तोंडाला फार तर दुपट्टा. त्याच्या पुढच्या पोळ्याला आम्ही एका गावात होतो. एका तरुण मुलाने तीच जुनी झडती म्हटली. सरकी, रुई, पऱ्हाटी, आणि शेवटी धनी फवारणीत गेला म्हणाला. यमक पार मोडले. कोणी हसले नाही, उत्तर द्यायलाही कोणी पुढे झाले नाही. डफडेवाल्याला कळेना आता वाजवायचे की नाही. मग एका म्हाताऱ्याने महादेवाचा गजर सुरू केला.

भावांनो, एका गाण्यातला एक शब्द दोनदा बदलला. बिल, लाइन, फवारणी. कापूस उत्पादकाचा चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास यापेक्षा थोडक्यात कोणी लिहून दाखवावा. पण तो लिहिलेला नाही, हीच अडचण आहे. आम्ही सांगतो म्हणून तुम्ही ऐकता. आम्हाला कोणी विचारले की पुरावा दाखवा, तर दाखवायला कागद नाही. रचणाराचे नाव नाही, साल नाही, गाव नाही.

आता जरा पश्चिमेकडे चला. मलकापूर ओलांडले की खानदेश लागतो. जमीन तीच काळी, पिके तीच कापूस-जवारीची, आणि बोलीसुद्धा पुष्कळशी सख्खी. आपण पोळ्याला ‘पोया’ म्हणतो, तेही पोयाच म्हणतात. जळगावजवळ आसोदे नावाचे गाव आहे. तिथे १८८० साली एक मुलगी जन्मली, जळगावच्या चौधरींच्या घरी दिली, ऐन तिशीत विधवा झाली, लहान लेकरे आणि शेती सांभाळत राहिली. लिहिणे-वाचणे येत नव्हते. वावरात आणि जात्यावर ती गाणी रचायची आणि म्हणायची. १९५१ साली ती वारली. ती बहिणाबाई चौधरी.

तिची गाणी आज आपल्याकडे आहेत त्याचे कारण एक वही आहे. तिचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. त्याने आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती गाणी ऐकता ऐकता उतरवून ठेवली होती. ती वही आचार्य अत्र्यांच्या नजरेस पडली, आणि १९५२ साली, ती गेल्याच्या पुढच्याच वर्षी, पुस्तक निघाले. पुढे गाणी शाळेच्या पुस्तकांत गेली, ‘मानिनी’ या १९६१ सालच्या सिनेमात गेली, आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव लागले. ती वही नसती तर? तर तिची गाणी आपल्या सालदाराच्या झडतीसारखी दोन-तीन तालुक्यांत निनावी फिरली असती आणि एक दिवस फिरायची थांबली असती. दोघांच्या बुद्धीत फरक होता की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. वहीचा फरक नक्की होता.

बहिणाबाईचे पोळ्यावरचे एक गाणे आहे, नावही ‘पोया’च. खानदेशातल्या एका बाईने आपल्या घरच्या गोठ्यापुढे रचलेले सणाचे गाणे, आज ते महाराष्ट्रात माहीत आहे. शाळेतल्या कार्यक्रमात पोरे ते म्हणतात. पण आमचे निरीक्षण असे की म्हणतात ते सुरुवातीचे, शेंदूर घोटण्याचे आणि बैल सजवण्याचे. ते ऐकायला गोड आहे. पुढे ती बाई वळते आणि शेतकऱ्यालाच सुनावते. म्हणते, शिंगांना ही एवढी ओझी कशाला बांधता, डोक्यावर जड बाशिंगे कशाला? बैलांना असे उधळवता, पळवता, त्यात हौस तुमची होते आणि त्रास त्याला होतो. आणि अखेरीस सांगते की सण आहे तो बैलाचा, तुझ्याकडे आहे ते त्याचे ऋण. तिथे येईतो कार्यक्रमाची वेळ संपलेली असते.

हे कोणी म्हटले ते पाहा. तोरणाखाली बाया नसतात. झडती पुरुषांची. बाईकडे काय असते? घरच्या दारात बैल आला की त्याच्या पायावर पाणी घालणे, ओवाळणे, नैवेद्य भरवणे. सगळ्या गावाने सगळ्या गावाला सुनावून झाले, सावकाराला, पाटलाला, सरकारला. बैलाच्या बाजूने तोरणाखाली कोणी बोलले नाही. ते बोलली दारात उभी असलेली. इथे बसलेल्या मायबहिणींना आमची विनंती आहे की पुढे आम्ही जे मागणार आहोत ते केवळ भावांकडे मागत आहोत असे समजू नका. तुम्ही जात्यावर, निंदणात, भुलाबाईपुढे जे म्हणता त्यात काय काय आहे हे आमच्या कार्यकर्त्यांना ठाऊक नाही, कारण तिथे त्यांना प्रवेश नाही, आणि तो नसावाच. पण वही तुमच्यातलीच एखादी लेक धरू शकते.

घाई कशासाठी, ते सांगतो.

पोळा बैलावर उभा आहे, बैल कडब्यावर, आणि कडबा जवारीवर. आपल्या लहानपणी पावसाळी जवारी वावरावावरात होती. गावरान जवारीचा कडबा माणसाहून उंच आणि गोड, बैल शेंड्यापासून बुडख्यापर्यंत खायचा. १९६४ पासून संकरित जवारी आली, धान्य वाढले, ताट बुटके झाले. धान्य ऐन कापणीत पावसात सापडून काळे पडू लागले आणि काळ्या जवारीला भाव मिळेना. मग सोयाबीन आले. नगदी पैसा, तीन-साडेतीन महिन्यांत वावर मोकळे. शेतकऱ्याने जवारी सोडली यात त्याचा दोष आम्ही मानत नाही. जिथे भाव नाही तिथे पीक नाही, हे आम्ही याच व्यासपीठावरून शंभरदा सांगितले आहे. पण जवारीसोबत कडबा गेला, आणि सोयाबीनच्या कुटारावर बैल कडब्यासारखा पोसत नाही. विकतच्या वैरणीवर जोडी ठेवायची म्हणजे तिला सालभर बसवून खाऊ घालायचे, आणि काम तर ट्रॅक्टरवाला तासावर करून देतो. त्यात २०१५ साली राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हाताऱ्या बैलाला बाजारात पूर्वीसारखे गिऱ्हाईक राहिले नाही, म्हणजे नवी जोडी घ्यायला जुन्या जोडीचा जो हातभार लागायचा तोही गेला. कायदा करणारांनी वैरण कोण पुरवणार ते लिहिले नाही.

देशाची पशुगणना सांगते की २०१२ साली गोवर्गातले नर सुमारे ६.८ कोटी होते, २०१९ साली ते सुमारे ४.७ कोटी राहिले. सात वर्षांत शंभरातले तीस गेले. यात गोऱ्हेही आले. तुमच्या तोरणाखालच्या जोड्या मोजल्या तर तुम्हाला पशुगणनेची गरज नाही. जिथे साठ-सत्तर जोड्या उभ्या राहायच्या तिथे आता पंधरा-वीस. काही गावांत ट्रॅक्टर धुऊन, फुगे बांधून ओळीत लावतात. लावू द्या, तोही कर्जाचाच आहे, त्यालाही सण असावा. फक्त त्याची खांदमळण कुठे करायची हे आम्हाला अजून कोणी दाखवलेले नाही.

२०२० साली कोरोनामुळे सार्वजनिक पोळे बंद राहिले. पुढे लम्पीच्या साथीत काही ठिकाणी जनावरे एकत्र आणायला मनाई झाली. कारणे बरोबर होती. पण एक-दोन साल तोरण बांधले गेले नाही की झडती म्हणणारा म्हातारा तेवढ्यात जातो, आणि ज्या पोराने त्याच्याकडून ती उचलायची ते पोर मोबाइलमध्ये पाहून दुसऱ्या जिल्ह्याची झडती पाठ करते. मोबाइलवर झडत्या फिरतात याचे आम्हाला वाईट वाटत नाही. जावयाने नेली काय आणि मोबाइलने नेली काय. पण जावयाने नेलेली झडती नव्या गावात गेली की त्या गावची होत असे, शब्द बदलत असे. मोबाइलमधली तशीच्या तशी येते. पाच जिल्ह्यांत एकाच सुरात, एकाच हातवाऱ्याने तीच झडती, आणि त्यात आपल्या सोसायटीचे नाव नाही, आपल्या पावसाचा हिशेब नाही. ती ऐकून गावातल्या कोणाचीच मान खाली जात नाही. कोणाची मान खाली जात नसेल तर तोरणाखाली उभे राहून ती म्हणायची कशाला, घरी बसून ऐकता येते.

बाहेरून आलेली गाणी आपण पुष्कळ पाहिली. कुटुंब नियोजनाची आली, साक्षरतेची आली, बियाण्याची जाहिरात करणाऱ्या गाडीवर भोंगा लावून आली. गाडीबरोबर आली आणि गाडीबरोबर गेली. आमच्यातही काही उत्साही मित्र आहेत, ते म्हणतात की संघटनेने भावाच्या मागणीवर झडत्या लिहाव्यात आणि छापून गावोगाव वाटाव्यात. आमचा याला सक्त विरोध आहे. सालदाराला कापसाचे अर्थशास्त्र आम्ही शिकवले नव्हते. आपण लिहून दिलेल्या झडतीत सरकारवर टीका येईल, आपल्या शाखेच्या अध्यक्षावर येणार नाही. आणि गावाला तर त्याच्यावरही दोन ओळी म्हणायच्या असतात. म्हणू द्या. जी संघटना तोरणाखाली उभी राहून आपल्यावरची झडती ऐकू शकत नाही तिने सोसायटीच्या चेअरमनला प्रश्न विचारू नयेत.

तेव्हा लिहून द्यायचे नाही, लिहून घ्यायचे. येत्या पोळ्याला प्रत्येक शाखेने एक वही धरावी. तीत साल लिहा, गाव लिहा. झडती जशी म्हटली तशी लिहा, बोलीतच. ‘पोया’ म्हटले असेल तर पोया लिहा, शाळेत शिकलात म्हणून पोळा करू नका. बहिणाबाईची वही उतरवणाऱ्यांनी तिची बोली तिच्याच तोंडची ठेवली म्हणून ती आज कानाला लागते. म्हणणाराचे नाव त्याला विचारून लिहा. नको म्हणाला तर लिहू नका, काही झडत्या अशा असतात की नाव लागले तर दुसऱ्या दिवशी काम मिळणार नाही. त्याने कोणाकडून उचलली तेही विचारा, म्हणजे एखादे वेळी तीन गावे मागे जाता जाता रचणारा सापडेल. जुनी झडती असेल तर तिच्यातला कोणता शब्द बदलला आहे ते म्हाताऱ्या माणसाला विचारून बाजूला लिहा. बायांची गाणी दुसऱ्या वहीत, आणि ती वही त्यांच्याकडेच राहू द्या. आमच्याकडे नक्कल पाठवली तरी चालेल.

प्रत्येक पानाच्या खाली चार आकडे हवेत. त्या आठवड्याचा कापसाचा भाव, जवारीचा भाव, ढेपेच्या पोत्याचा भाव, आणि तोरणाखाली किती जोड्या होत्या. पोळ्याच्या वेळी कापूस घरात नसतो हे आम्हालाही माहीत आहे. तरी मागच्या हंगामात शेवटचा कापूस ज्या भावाने गेला तो लिहा. झडती आणि आकडे एकाच पानावर पाहिजेत, वेगवेगळे नकोत.

चावट झडत्यांचे काय, असे मघाशी एका भावाने चिठ्ठी पाठवून विचारले आहे. त्याही लिहा. त्या छापणार नाही एवढेच.

वह्या मंडपाच्या दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत, एका गावाला एक. जाताना गावाचे नाव सांगून घेऊन जा. पेन ज्याचा त्याने आणावा.